दान आणि देणे

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आपल्या रुग्णालयाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलण्यासाठी विश्वस्त मंडळाने मला पाचारण केले, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. मी वैद्य नाही. माझ्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवण्यात गेली. ख्रिस्ती समाजनीतीचा इतिहास हा विषय अध्यक्षांनी सुचवला, तेव्हा प्रथम मला थोडे नवल वाटले. ही संस्था कोणत्याही एका धर्माची नाही. येथे येणारा रुग्ण कोणत्या देवाला हात जोडतो, हे केसपेपरवर कोणी विचारत नाही. परंतु विचार केल्यावर या निवडीचे औचित्य माझ्या ध्यानात आले. आजाऱ्यांची सेवा ही कोणा एका परंपरेची मिरासदारी नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. इस्लामी जगतातील रुग्णालयांची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. तरीही, ज्या प्रश्नापुढे प्रत्येक धर्मादाय रुग्णालय उभे असते, त्या प्रश्नाशी ख्रिस्ती परंपरा दीर्घकाळ आणि जाहीरपणे झगडत आली आहे. तिच्या यशातून आपल्याला शिकता येते, तसेच तिच्या चुकांतूनही.

तो प्रश्न असा : गरीब रुग्णाला आपण जे देतो, ते दान आहे की देणे आहे? दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. देणे हे फेडायचे असते, आणि ते घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

या परंपरेचे मूळ यहुदी धर्मशास्त्रात आहे. शेताची कापणी करताना कडेचे पीक कापू नये, गळलेली कणसे पुन्हा वेचू नयेत, तो सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा, अशी आज्ञा लेवीय या ग्रंथात आहे. आपल्या खेड्यांतही सरवा वेचणारे हात अनेकांनी पाहिले असतील. या आज्ञेतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. मालकाने धान्य घरी नेऊन त्यातून पसाभर भिक्षा घालावी, असे ती सांगत नाही. शेताची कड मुळातच मालकाने आपली समजू नये, असे ती सांगते. हिब्रू भाषेत गरिबाला दिलेल्या मदतीसाठी ‘त्सेदाका’ हा शब्द रूढ झाला. त्याचा धातू नीतिमत्ता आणि न्याय यांचा वाचक आहे.

येशू ख्रिस्ताने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ केलेला एक मनुष्य पडलेला असतो. धर्माधिकारी बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो. ज्या जमातीशी यहुद्यांचे हाडवैर, त्या जमातीतला शोमरोनी मात्र थांबतो. कथेचा शेवट आपण अनेकदा विसरतो. तो शोमरोनी जखमा बांधतो, घायाळाला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तेथील व्यवस्थापकाच्या हाती दोन नाणी ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना तो फेडण्याचे वचन देतो. म्हणजे त्याची करुणा तेथे व्यवस्थेचे रूप घेते : आगाऊ रक्कम, नेमलेली जबाबदारी आणि पुढील हिशेबाची हमी. विश्वस्त मंडळींना ही भाषा परकी वाटू नये.

आद्य ख्रिस्ती मंडळीत व्यवस्थेचा पहिला पेच निर्माण झाला तो वाटपावरूनच. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात अशी हकीकत आहे की, रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. पुढाऱ्यांनी ती कुरकुर दडपली नाही. वाटपाचे काम पाहण्यासाठी सात माणसे निवडण्यात आली, आणि त्यांची नावे पाहता ती ग्रीक वळणाची आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाल्याची तक्रार होती, त्यांच्याच भाषिक गटाकडे कोठाराच्या किल्ल्या गेल्या, असा अर्थ अनेक अभ्यासक त्यातून काढतात.

पुढे तीन शतकांनी हा विचार प्रथमच भव्य वास्तूच्या रूपाने उभा राहिला. आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी हे शहर तेव्हा कैसरिया म्हणून ओळखले जाई. इ. स. ३६८-३६९ च्या सुमारास त्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. व्यापाऱ्यांनी धान्य दाबून ठेवले. त्या वेळी बेसिल नावाच्या धर्मोपदेशकाने धनिकांपुढे जी प्रवचने केली, ती आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतात. त्यांचा आशय असा की, गरजेहून अधिक जे आपण साठवून ठेवतो, ते आपले नसतेच; ज्याला त्याची गरज आहे, त्याचे ते असते. म्हणून साठवणारा केवळ कृपण ठरत नाही, तो दुसऱ्याचे अडवून ठेवणारा ठरतो. ३७० मध्ये बेसिल तेथील बिशप झाले आणि शहराबाहेर त्यांनी एक मोठी वसाहत उभारली. तेथे वाटसरूंसाठी निवारा होता, आजाऱ्यांसाठी वैद्य आणि शुश्रूषा करणारे होते, कामाच्या शाळा होत्या. समाजाने वाळीत टाकलेल्या कुष्ठरोग्यांनाही तेथे आश्रय होता. प्रांताच्या अधिकाऱ्याकडे या बांधकामाविषयी कागाळ्या गेल्या, तेव्हा बेसिल यांना पत्र लिहून आपल्या कामाचे समर्थन करावे लागले. धर्मादाय संस्थेला सरकारदरबारी खुलासे करावे लागणे ही काही आजची गोष्ट नाही! बेसिल यांचे मित्र ग्रेगरी यांनी त्यांच्या निधनानंतर केलेल्या भाषणात या वसाहतीला एक नवे नगर म्हटले आहे. रुग्णालय या संस्थेचा इतिहास लिहिणारे अभ्यासक या वसाहतीला आरंभीच्या महत्त्वाच्या टप्प्यांत स्थान देतात.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली रचली. आजाऱ्यांची काळजी हे सर्व कामांच्या अग्रस्थानी असलेले कर्तव्य आहे, असे तिचे एक प्रकरण सांगते. त्याच प्रकरणात मोठे व्यवहारज्ञान आहे. आजाऱ्याने अवास्तव मागण्या करून सेवकाला त्रास देऊ नये, असे बेनेडिक्ट बजावतात, आणि त्याने तसे केलेच तरी सेवकाने ते धीराने सोसावे, असेही लगेच जोडतात. आपल्या परिचारिका भगिनींना या दोन्ही वाक्यांचा अनुभव रोजचा असेल.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या तत्त्वचिंतकाने हाच विचार तर्काच्या कसोटीवर घासून पाहिला. खासगी मालमत्ता त्यांना मान्य होती. मात्र मालमत्तेचा उपयोग सर्वांच्या गरजेकडे पाहून झाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. याच भूमिकेतून ते एका धीट निष्कर्षाप्रत पोहोचतात : प्राणांतिक गरज असताना आणि दुसरा मार्ग नसताना माणसाने दुसऱ्याच्या मालमत्तेतून आपल्या जगण्यापुरते घेतले, तर ती चोरी ठरत नाही.

मित्रहो, विचार इतका उंच गेला होता. आचार मात्र त्या उंचीवर टिकला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या धर्माने परक्यालाही शेजारी मानायला शिकवले, त्याच्या अनुयायांनी शतकानुशतके गुलामांचा व्यापार केला आणि त्याला धर्मवचनांचा आधारही शोधला. त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांतही क्वेकर पंथीयांसारखे ख्रिस्ती लोक होते, हे खरे. परंतु ब्रिटिश साम्राज्यात गुलामी रद्द करणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडावे लागले.

गरिबांच्या बाबतीतही एक वळण आले. सोळाव्या शतकात युरोपातील शहरे वाढली, भिकाऱ्यांची संख्या वाढली. १५२६ मध्ये हुआन लुईस विवेस या विद्वानाने ब्रूज शहराच्या कारभाऱ्यांना उद्देशून एक ग्रंथ लिहिला आणि गरिबांचे साहाय्य ही नगराची जबाबदारी आहे, असे प्रतिपादन केले. ही निश्चितच प्रगती होती. परंतु व्यवस्था आली की तपासणी येते, आणि तपासणीबरोबर ‘लायक गरीब’ आणि ‘नालायक गरीब’ अशी विभागणी येते. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याने तर असे तत्त्वच स्वीकारले की, मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्रपणे राबणाऱ्या अगदी तळच्या मजुरापेक्षाही कमी प्रतीची असली पाहिजे, म्हणजे मदत मागण्याचा मोह कोणाला होणार नाही. मदत तर द्यायची, पण ती घेताना माणूस खजील होईल अशा रीतीने द्यायची, असा त्याचा अर्थ होता.

येथे मी एक खासगी गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. माझे वडील एका छापखान्यात जुळारी होते. १९६०च्या दशकात त्यांना क्षयाची बाधा झाली. एका धर्मादाय रुग्णालयाच्या मोफत विभागात त्यांच्यावर उपचार झाले. त्या रुग्णालयाचे नाव मी घेत नाही, कारण उपचारांत तेथे कोणतीही उणीव नव्हती. डॉक्टर चांगले होते, औषधे वेळेवर मिळत होती. वडील बरे झाले. त्या सुमारास रुग्णालयाचा वार्षिक समारंभ झाला. मोफत विभागातील रुग्णांना व्यासपीठासमोर रांगेने उभे करण्यात आले. एकेकाचे नाव आणि आजार वाचून दाखवण्यात आला आणि प्रत्येकाने देणगीदारांना फूल द्यावे, असे सांगण्यात आले. वडिलांनी फूल दिले, नमस्कार केला आणि ते घरी आले. त्या प्रसंगाविषयी ते आईशी एकदाच बोलले. दोन वर्षांनी खोकला परतला. त्यांनी तो लपवला. आईने रुग्णालयाचे नाव काढले की ते विषय बदलत. आम्ही त्यांना तेथे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. मी नववीत होतो.

त्या समारंभात कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता, याची मला खात्री आहे. देणाऱ्यांना आपल्या देणगीचे चीज झालेले पाहायचे होते, एवढेच. पण त्या रांगेने एका माणसाच्या आणि औषधाच्या मध्ये भिंत उभी केली. पुढे मी नीतिशास्त्राकडे वळलो, त्यात या भिंतीचा वाटा मोठा आहे.

आता पुन्हा इतिहासाकडे वळू. यंत्रयुगाने गरिबीचे स्वरूप बदलले. दिवसभर राबूनही उपाशी राहणारा कामगार हा नवा गरीब होता, आणि त्याला भिक्षेची नव्हे तर रास्त मजुरीची गरज होती. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनी उचलून धरला, पण कामगाराला कुटुंबाचा निर्वाह होईल इतके वेतन मिळणे हा न्यायाचा भाग आहे आणि संघटना करण्याचा त्याला अधिकार आहे, असेही ठामपणे सांगितले. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वॉल्टर राउशेनबुश हे बॅप्टिस्ट पाळक १८८६ पासून अकरा वर्षे काम करीत होते. लहान मुलांचे अंत्यविधी करता करता त्यांना उमगले की, व्यक्तीच्या पापाइतकेच समाजरचनेचे पापही खरे असते. १९०७ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाने अमेरिकेतील ‘सामाजिक सुवार्ता’ या चळवळीला बळ दिले. १९३२ मध्ये राइनहोल्ड नीबर यांनी या आशावादाला सावधगिरीची जोड दिली : एकटा माणूस सज्जन असू शकतो, परंतु समूह आपला स्वार्थ सहजासहजी सोडत नाही, म्हणून सदिच्छेबरोबर कायद्याचा आणि सत्तेच्या समतोलाचाही आधार लागतो.

११ एप्रिल १९६३ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक काढले. त्यात मानवी हक्कांची जी मांडणी आहे, तीत अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्याबरोबर वैद्यकीय उपचारांचाही समावेश आहे. दक्षिण अमेरिकेत १९६८ च्या मेदेयिन येथील बिशपांच्या परिषदेनंतर आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या ग्रंथानंतर गरिबांना अग्रक्रम देण्याचा विचार पुढे आला. त्यावर रोममधून टीकाही झाली. पण पॉल फार्मर या अमेरिकन डॉक्टरांनी याच विचारातून प्रेरणा घेऊन हैतीच्या खेड्यांत क्षय आणि एड्स यांवरील महागडे उपचार गरिबांपर्यंत नेले. २०२२ मध्ये ते निवर्तले.

हा प्रवाह आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही उतरला आहे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेच्या दवाखान्यापासून सेवा सुरू केली आणि १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. त्याच संस्थेत पुढे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे शिक्षण झाले. या काळात जगभरच्या ख्रिस्ती रुग्णालयांत एक आत्मपरीक्षण चालू होते. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे झालेल्या विचारविनिमयात हा प्रश्न पुढे आला की, आपली रुग्णालये दाराशी येणाऱ्यांना बरे करतात, पण जे दारापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांचे काय? बरे करणे हे फक्त डॉक्टरांचे काम नसून साऱ्या समाजाचे आहे, असे तेथे मांडले गेले. १९६८ मध्ये जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेने यासाठी वैद्यकीय आयोग नेमला.

आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडच्या अवर्षणग्रस्त भागात काम आरंभले. गावकऱ्यांनी औषधांच्या आधी अन्न आणि पाणी मागितले, आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेतले. गावोगावच्या स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित समाजातील होत्या. ज्यांना गावाने उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्यांच्याच हाती गावाच्या बाळंतपणांची आणि बालकांच्या वजनाची जबाबदारी आली. अन्नवाटपाची ती जुनी हकीकत येथे आठवते. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश झाला, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, सप्टेंबर १९७८ मध्ये, आल्मा-आता येथील परिषदेने आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे घोषित करून इ. स. २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साल येऊन गेले, उद्दिष्ट अद्याप दूर आहे.

आपल्या राज्यात या विचाराला कायद्याचेही अधिष्ठान आहे, आणि ते कोणा एका धर्मातून आलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. मला यात शेताची राखून ठेवलेली कड दिसते. ती खाट विश्वस्तांनी उदार होऊन दिलेली नसते. ती त्या रुग्णाची असते, आपण केवळ तिची राखण करतो.

मग देणगीदाराचे स्थान काय, असा प्रश्न आपण विचाराल. माझ्या मते ते त्यामुळे कमी होत नाही. शोमरोन्याची दोन नाणी नसती, तर उतारशाळेचे दार उघडले नसते. कायदा खाट राखून ठेवू शकतो. रात्री दोन वाजता त्या खाटेजवळ कोणीतरी मायेने थांबावे, याची तरतूद कायदा करू शकत नाही. दया आणि न्याय यांची फारकत झाली की दया अहंकारी होते आणि न्याय कोरडा होतो. दोघांनी एकत्र नांदावे, हेच या दीर्घ इतिहासाचे सार मला वाटते.

म्हणून समारोपापूर्वी विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, निर्धन रुग्णाची खिडकी वेगळी नसावी आणि त्याचा केसपेपर वेगळ्या रंगाचा नसावा. सवलतीची नोंद कार्यालयाच्या वहीत असली म्हणजे पुरे. दुसरी अशी की, सवलत कोणाला मिळते आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे दाराशीच मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे आणि ते वाचता न येणाऱ्याला समजावून सांगणारा एक माणूस तेथे बसलेला असावा. तिसरी सूचना या अहवालासंबंधी आहे. अहवालात बरे झालेल्यांचे आकडे असतात आणि ते असलेच पाहिजेत. त्याबरोबरच, उपचार अर्धवट सोडून जे परत आले नाहीत, त्यांची संख्या आणि ते का आले नाहीत याची चौकशीही पुढील वर्षापासून त्यात यावी. मात्र कोणत्याही रुग्णाचे नाव आणि छायाचित्र त्याच्या मनापासूनच्या संमतीविना त्यात येऊ नये.

सभेपूर्वी अध्यक्षांनी मला सांगितले की, आजच्या कार्यक्रमात कोणत्याही रुग्णाला व्यासपीठावर बोलावलेले नाही. जे आले आहेत ते आपल्या इच्छेने आले आहेत आणि खुर्च्यांवर आपल्या सर्वांमध्ये बसले आहेत. हे ऐकून मला किती समाधान वाटले, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. या सभागृहात कोण देणारे आणि कोण घेणारे, हे मला येथून ओळखता येत नाही. ते तसेच राहावे, अशी प्रार्थना करून मी थांबतो.